उगमाजवळचं इंग्रजी

इंग्रजांच्या राज्यात इंग्रजी भाषा कुणी बिघडवली असेल, तर ती इंग्रजांनीच, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस सगळ्या मावळात एकच होता, आणि माझ्या दुर्दैवाने तो माझा साडू होता. दुर्दैवाने म्हणतो आणि लगेच मला चुटपुट लागते. माझा स्वभावच तसा आहे. पाऊस लांबला तरी आपलंच काही चुकलं असेल असं मला वाटतं. पण खरं लपवून उपयोग नाही. ज्या काळाबद्दल मी लिहितो आहे त्या काळात लोणावळ्याला जायचं म्हटलं की मला आदल्या दिवसापासून थकवा येई. मी तळेगावच्या मराठी शाळेत मास्तर. माझं इंग्रजी बेताचं, म्हणजे मनीऑर्डर लिहिण्यापुरतं आणि स्टेशनवरची पाटी वाचण्यापुरतं. तेवढ्या भांडवलावर मी सुखात होतो. पण बायकोची थोरली बहीण, आमची अक्का, लोणावळ्याला दिलेली, त्यामुळे सणावारी तिकडे जाणं आलं, आणि गेलं की उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत साडू विचारणार, "काय मास्तर, आज 'वर्ल्ड' म्हणा बघू." प्रवासाने आंबलेलं अंग, हातात वळकटी, मागे रडणारी मुलं, आणि मी दारात उभा राहून जग उच्चारतो आहे. मी 'वर्ल्ड' म्हणायचो. ते डोळे मिटून मान हलवायचे. "र कुठं गेला? वाटेत मळवलीला उतरला काय?" मग तो र घशातून, टाळूवरून, दातांच्या मागून गडगडत कसा यायला हवा ते स्वतः म्हणून दाखवायचे. घाटात मालगाडी उतरावी तसा तो शब्द उतरायचा. "वर्रर्रल्ड!" शेजारच्या घरातलं पोर झोपेतून उठायचं.

हे इंग्रजी त्यांनी आणलं कुठून, तर इंजिनांच्या शेडमधून. विजेची इंजिनं यायच्या आधी घाट चढवायला वाफेची जादा इंजिनं लागत, ती लोणावळ्याच्या शेडमध्ये उभी असत, आणि त्या शेडचा फोरमन एक गोरा साहेब होता. हा साहेब स्कॉटलंडचा. साडू त्याच्या हाताखाली कारकून. मॅट्रिकला एकदा बसून उठलेले, वयाने कोवळे, आणि इंग्रजी कानावर पडलं ते पहिल्यांदा या साहेबाच्या तोंडून. त्याने 'हाउस'ला 'हूस' म्हटलं, यांनी हूस म्हटलं. त्याने 'डाउन'ला 'डून' म्हटलं, यांनी डून उचललं. रात्रीला 'निख्त', घराला 'हेम', आणि 'हो'ला 'आय'. साहेब लहर लागली की यांना शेजारी बसवून तासभर बोलायचा. बायको-मुलं तिकडे, इथे त्याचं बोलणं ऐकून घ्यायला दुसरं होतं कोण? साडूंनी त्याचा शब्द न् शब्द पूजेतल्या नाण्यासारखा जपून ठेवला. पुढे दुसरे गोरे भेटले, ते निराळं बोलत. आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता की आपला साहेब जरा वेगळ्या मुलखातला दिसतो. साडूंनी उलटा निष्कर्ष काढला. त्यांनी विलायतेचा नकाशा पाहिला. स्कॉटलंड वर, लंडन खाली. झालं! "मास्तर, तुम्ही इंद्रायणी कुठं पाहिली?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, इंदुरीला, तळेगावाजवळ. "आणि मी पाहिलीय कुरवंड्याला. उगमापाशी. ओंजळीत घेतली तर तळहाताच्या रेषा दिसतात. खाली तुमच्याकडे येईतो तिच्यात म्हशी बसतात. भाषेचं तसंच. डोंगरात ती चोख असते. लंडनला पोहोचेपर्यंत गाळ." मी मान डोलावली. मी इंदुरीचं पाणी प्यालेला माणूस.

त्यातून त्यांचा तो 'आय'. मराठी बोलतानाही होकार आला की तोंडातून आयच निघायचं. कुरवंड्याची भागूबाई दूध घालायला यायची. "भाऊ, आज शेरभर घालू का?" "आय." "उद्या सणाचं जास्ती लागंल?" "आय." पहिले काही दिवस भागूबाईने सोसलं. मग एक दिवस ती स्वयंपाकघरात वाकून अक्काला म्हणाली, "बाई, भाऊंची आय कुटं हाय वो? लय हाका मारत्यात. येकदा भेटवून आणा म्हातारीला." अक्काने पदर तोंडाला लावला. साडूंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी उलट भागूबाईचीच चूक धरली. ती 'आमी', 'तुमी' म्हणायची, ह खायची. "भागूबाई, तू मराठीतला ह खातेस, आणि पुण्याचे वकील 'ह्विच', 'ह्वेन'मधला ह खातात. तू निदान शिकलेली नाहीस." भागूबाई म्हणाली, "न्हाई वो भाऊ, आमी भाकर खातो." आणि किटली उचलून गेली.

स्पेलिंगबद्दल सगळं जग कुरकुरतं. मीही कुरकुरत असे. बी-यू-टी बट होतो तर पी-यू-टी पुट का, हा प्रश्न विचारून मी एकदा स्वतःला हुशार समजलो होतो. ते शांतपणे म्हणाले, "एका आईची दोन पोरं सारखी निघतात का? मग अक्षरांना कशाला जाब विचारता?" न उच्चारलेल्या अक्षरांविषयी तर त्यांना फार जिव्हाळा. 'नाइफ'मधला के म्हणजे घरातला म्हातारा माणूस, बोलत नाही, पण म्हणून त्याला पानावरून उठवायचं नाही. बाजारातल्या एका वाण्याने दुकानावर इंग्रजी पाटी लावली आणि रंगाऱ्याने 'जनरल'मधलं एक अक्षर गाळलं, तर साडू येता-जाता खिशातल्या खडूने ते अक्षर मधे घुसवून यायचे. वाणी पुसायचा, हे पुन्हा लिहायचे. शेवटी वाणी हात जोडून म्हणाला, "भाऊ, माझं गिऱ्हाईक मराठी पाटीसुद्धा वाचत नाही. ते गूळ बघतं आणि आत येतं." साडू म्हणाले, "पण परका माणूस वाचेल तेव्हा लोणावळ्याची लाज जाईल ना?" खडकीचं किर्की झालं याचं त्यांना दुःख होतं, पण त्याचाही दोष ते आपल्या साहेबाकडे जाऊ देत नसत. "माझा साहेब खंडाळा असा म्हणायचा की खडक फुटावा. ख म्हणता न येणारे ते सगळे खालचे."

एकदा मात्र मला वाटलं की आता यांचे डोळे उघडणार. आम्ही दोघे स्टेशनाबाहेर उभे होतो. एक गोरा गृहस्थ, डोक्यावर मोठी टोपी, हातात काठी, त्याने नागफणीच्या डोंगराकडे जायची वाट विचारली. साडूंचा चेहरा फुलला. त्यांनी वाट सांगायला सुरुवात केली. डून झालं, र्रोड झाला, वळणावरचं हूस झालं, निख्त व्हायच्या आत परत फिरा असा सल्लाही झाला. गोरा बराच वेळ अदबीने ऐकत राहिला. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, इथे कुणाला इंग्रजी येतं का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याच्याच काठीच्या टोकाने मातीत रेघ ओढली, हात केला, दोन मोडके शब्द टाकले. तो आभार मानून निघून गेला. घरी येईतो मी साडूंकडे बघितलं नाही. त्यांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अतिशय कनवाळू आवाजात म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका मास्तर. गरीब बिचारा! लंडनचा असणार."

असा हा माणूस. हसू येतं, पण रोज उठून हसायला अंगात त्राण लागतं. अक्काचं त्राण कधीच संपलं होतं. तिला काळजी एकच, इंदूची. इंदू ही त्यांची एकुलती मुलगी. गावात मुलींना पुढे शिकायची सोय नव्हती, म्हणून इंग्रजी तिला बापाने घरी शिकवलं. मुलगी हुशार. फडाफडा वाचायची, आणि तिचा र बापापेक्षा गोड गडगडायचा. साहेब कधीच स्वदेशी परतला होता, वाफेची इंजिनं गेली होती, साडू घरी बसले होते. सगळ्या हिंदुस्थानात साहेबाचं इंग्रजी बोलणारी ही दोनच माणसं उरली होती आणि ती संध्याकाळी ओटीवर बसून एकमेकांशी बोलत. तिचं वय वाढत चाललं होतं. दोन-तीन स्थळं हातची गेली होती. तेव्हा मीच पुण्याचं एक स्थळ सुचवलं. मुलगा बी. ए. झालेला, एका कचेरीत नोकरीला, शांत. घरात सत्ता थोरल्या भावाची. हा भाऊ वकील. घरात येणाऱ्या मुलीला इंग्रजी यायलाच हवं, असा त्याचा हट्ट. त्या काळी पुण्यात मुलगी पाहताना गाणं म्हणायला सांगायचे, भरतकाम बघायचे. हे वकीलसाहेब इंग्रजी पेपर हातात देऊन वाचायला सांगतात, अशी त्यांची ख्याती. अक्का हरखली. "अहो, आपल्या इंदूसाठीच देवाने ठेवलेलं स्थळ!" मला मात्र त्या क्षणापासून झोप लागेना.

पाहुणे मुलगी बघायला यायच्या आदल्या दिवशी मी लोणावळ्याला गेलो आणि साडूंना बाजूला घेतलं. "भाऊ, पाया पडतो तुमच्या. उद्या एक दिवस वकिलाला काही शिकवू नका. आणि इंदूला सांगा, र जरा कमी कर."

"कमी कर म्हणजे? र काय भाजीतलं मीठ आहे?"

"पुण्याकडे नाही चालत तसं."

"पुण्याकडे काय काय चालतं ते मला सांगू नका."

अक्का दारात येऊन उभी राहिली. ती मोठ्याने बोलणारी बाई नव्हती. "पोरीचं वय बघा," एवढंच म्हणाली. साडूंनी उद्याचा कोट खुंटीवरून काढून झटकायला घेतला. मग मी इंदूकडे गेलो. ती अंगणात लुगडी वाळत घालत होती. "इंदू, तुला दुसऱ्या तऱ्हेने वाचता येईल का गं? आपलं साधं, पुण्यासारखं?" तिने हातातलं लुगडं दोरीवर टाकलं. "काका, मी पुण्याचं इंग्रजी ऐकलंय कुठे? मला हे एकच येतं."

पाहुणे आले. वकील, नवरा मुलगा आणि त्यांचे एक मामा. रव्याचे लाडू झाले, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. साडू जुना काळा कोट घालून एका कडेला बसले होते, आणि वकील दोन वेळा 'विच' म्हणाले तरी त्यांनी नुसता कोटाच्या गुंडीवर हात फिरवला. मी मनात देवाचे आभार मानले. मग वकिलांनी खिशातून मुंबईचा इंग्रजी पेपर काढला आणि इंदूच्या पुढे ठेवला. "वाचा पाहू, इथून."

इंदूने वाचलं. न अडखळता, न घाबरता, खालची मान वर न करता. कुठल्याशा धरणाच्या पाण्याची बातमी होती. ते पाणी तिने असं खळाळत आणलं की मला भुशीचा ओढा आठवला. मामांनी लाडू तोंडाशी नेला होता, तो तिथेच राहिला. वकिलांच्या ओठांवर आधी बारीक हसू आलं, मग ते मोकळेपणी हसले. "वा! इंग्रजी येतं म्हणून सांगितलं होतं. हे काय आहे? तेलुगू?" मामा हसले. नवरा मुलगा हसला नाही, पण बोललाही नाही. इंदूने पेपर मांडीवर ठेवला. वकील साडूंकडे वळले. "तुम्ही शिकवलंत?"

"आय..." साडू म्हणाले आणि थांबले. "हो. मी."

"आणि हे बरोबर आहे, असं तुमचं म्हणणं आहे?"

इंदूने मान वर केली आणि बापाकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात अक्काची बांगडी वाजली. मला वाटलं, आता नकाशा निघणार, इंद्रायणी निघणार, म्हशी निघणार आणि पाहुणे उठणार. साडूंनी घसा साफ केला. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"नाही," ते म्हणाले. "चूक आहे ते. माझा साहेब अडाणी होता. कोळशातला माणूस. त्याला धड बोलता येत नसे, आणि मी तेच शिकलो. मुलीचा काही दोष नाही. हुशार आहे. तुम्ही सांगाल तसं महिन्याभरात सुधारून घेईल."

वकिलांचं समाधान झालं. माणूस दुष्ट नव्हता. आपलं बरोबर आहे असं कुणी कबूल केलं की त्याला आणखी काही नको असे. "मग हरकत नाही. सुधारून घेऊ," असं म्हणून त्यांनी दुसरा लाडू घेतला. तेव्हा नवरा मुलगा पहिल्यांदा बोलला. "मला वाचन आवडलं," तो म्हणाला. त्या एका वाक्यावर मी त्याला आजवरचं सगळं माफ केलं आहे. पंधरवड्यात लग्नाच्या याद्या झाल्या.

हे मला हवं होतं. मीच त्यांच्या पाया पडून मागितलं होतं, आणि मिळालं तेव्हा मला त्या माणसाच्या तोंडाकडे बघवेना. पाहुण्यांना गाडीत बसवून आम्ही परत चाललो होतो. जुनी शेड डाव्या हाताला राहिली. साडू थोडं थांबले. "साहेबाला अडाणी म्हणालो," ते म्हणाले. मी म्हटलं, तो हजारो मैलांवर आहे भाऊ, त्याला कसं कळणार? "नाही कळणार. तो आता आपल्या हेमला, धुक्यात, म्हातारा होऊन बसला असेल. असला तर." ते चालू लागले. मला योग्य वेळी योग्य ते बोलता येत नाही, ही माझी जुनी खोड आहे.

लग्न झालं, इंदू पुण्याला गेली, आणि साडू सुधारले. कुणाला उच्चार विचारीनात. मी दारात वळकटी घेऊन उभा राहिलो की "या मास्तर, दमला असाल," म्हणत. इतकी वर्षं ज्या शब्दांसाठी मी आसुसलो होतो ते शब्द कानाला असे पोकळ लागले की काय सांगू! वाण्याची पाटी चुकीची ती चुकीचीच राहिली. वाण्याने एकदा मला थांबवून विचारलं, "भाऊंची तब्येत बरी आहे ना?" भागूबाईला आता 'हो' आणि 'नको' अशी सरळ उत्तरं मिळत. तीही अक्काला म्हणाली, "लय गप झालं वो भाऊ. घर सुनं वाटतंय." मी एकदा मुद्दाम 'टॉक'मधला एल ठणठणीत उच्चारला. ते माझ्याकडे बघून मंद हसले आणि म्हणाले, "कसंही म्हणा हो. समोरच्याला कळलं म्हणजे झालं." परतीच्या गाडीत मला त्या वाक्याने जितका शीण आला तितका सगळ्या वर्ल्डने आला नव्हता.

वैशाखात इंदू माहेरपणाला आली. मीही त्या वेळी तिथे होतो. साडूंची नजर अधू झाली होती, म्हणून दुपारी ती त्यांना पेपर वाचून दाखवायला बसली. आता ती वकिलांच्या घरासारखं वाचत होती. मऊ, गुळगुळीत, कुठे खडा लागत नव्हता. साडू मान हलवत होते. "छान. छान सुधारलंस." अर्धं पान झालं. इंदूने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं, आणि पुढची ओळ एकदम जुन्या तऱ्हेने वाचली. र्र असा गडगडला की खुंटीवरची टोपी हलल्यासारखी वाटली. साडूंचं सगळं अंग ताठ झालं. चेहऱ्यावर काय आलं ते मला लिहिता येत नाही. तिने दुसरी ओळ वाचली, तिसरी वाचली. मग त्यांनी हात वर केला.

"नको, इंदू. सवय राहील. तिकडे एखाद वेळी तोंडातून जाईल."

"इथे कोण ऐकतंय, बाबा?"

"म्हणूनच नको."

तिने मान खाली घातली आणि पुन्हा पुण्याचं इंग्रजी वाचू लागली. साडूंनी डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं. बाहेर ऊन रणरणत होतं, आत अक्का चिंच फोडत होती. मला वाटलं त्यांना झोप लागली. पण त्यांचे ओठ हलत होते. इंदू जो शब्द वाची, तो ते मागून, आवाज न करता, आपल्या पद्धतीने म्हणत होते. त्यांचे शब्द लांब, वेळ घेणारे. ते मागे पडत होते. इंदूने पेपरावरून डोळे उचलून ते पाहिलं. ती जरा सावकाश वाचू लागली.